फुटलेला दर कुणाकडे जमा करायचा?

प्रति,
शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत शासकीय कामांच्या निविदा काढणारे, उघडणारे आणि त्यांवर सही करणारे सर्व अधिकारी,
तसेच त्या निविदा भरणारे कंत्राटदार बंधू-भगिनी

महोदय, महोदया,

निविदा उघडण्याआधीच कुणाचा ना कुणाचा दर फुटलेला असतो, हे डोळखांबच्या बाजारात चहा घेणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल. तुम्हाला ते ठाऊक नाही असं समजण्याइतका मी भोळा नाही. दर फुटतात कसे यावर कुजबुज भरपूर होते, अधूनमधून तक्रारही होते. मला विचारायचं आहे ते जरा रुक्ष आहे. प्रतिस्पर्ध्याचा फुटलेला दर ज्याच्या हातात न मागता येऊन पडतो, त्या माणसाने तो कुणाकडे जमा करायचा? पत्ता कुठला, पोच कोण देणार, आणि पोच घेतल्यावर त्याची स्वतःची निविदा शाबूत राहणार की नाही?

मी कंत्राटदार नाही. या भागातल्या छोट्या कंत्राटदारांचे हिशेब लिहितो, जीएसटीची विवरणपत्रं भरतो, बिल अडकलं की कोणता कागद राहिला ते शोधून देतो. त्यामुळे निविदेचा मोठा मामला मला जवळून दिसतो, पण त्यात माझा नफा-तोटा नसतो. हे पत्र लिहायला बहुधा एवढी पात्रता पुरे.

आधी गावातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण हे पत्र त्यांनीही वाचावं अशी इच्छा आहे. पाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर ओढा आहे, तिथे साकव बांधायचा आहे. किंवा आश्रमशाळेच्या स्वच्छतागृहांची दुरुस्ती आहे, अंगणवाडीची खोली आहे. खातं दरसूचीवरून अंदाजपत्रक करतं, समजा ४० लाखांचं. बी-१ पद्धतीच्या निविदेत कंत्राटदाराला प्रत्येक बाबीचा वेगळा दर भरायचा नसतो. अंदाजित रकमेपेक्षा किती टक्के कमी किंवा किती टक्के जास्त, एवढंच सांगायचं असतं. आमच्या भाषेत ‘किती बिलो गेला’. पायाच्या खोदाईपासून कठड्याच्या रंगापर्यंत सगळा हिशेब, लोखंड-सिमेंटचे भाव, पावसाळ्याआधी हाती असलेले दिवस, मजुरांची उचल, हे सगळं शेवटी एका आकड्यात येऊन बसतं. म्हणून तो फोडायला फाईल पळवावी लागत नाही. फोनवर एक शब्द पुरतो. ‘साडेनऊ’ म्हटलं की झालं.

तो आकडा निघतो कुठून? लोकांना वाटतं, सरकारी पोर्टल कुणीतरी हॅक करतं. तसंही घडलं आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. आमच्या तालुक्यांत मात्र इतक्या हुशारीची गरजच पडत नाही. डोळखांबपासून वर चोंढे-डेहणेकडे गेलात की फोनला रेंज मिळते न मिळते. कंत्राटदारांतले निम्मे जण संगणकाला हात लावत नाहीत. मग महाटेंडर्स या सरकारी पोर्टलवर निविदा भरतो कोण? शहापुरातला किंवा मुरबाडमधला एखादा ऑपरेटर. त्याच्या टेबलाच्या खणात पाच-सहा जणांचे डिजिटल सहीचे डोंगल रबर बँड लावून ठेवलेले असतात, बँडखाली नावाची चिठ्ठी आणि बहुतेक वेळा त्याच चिठ्ठीवर पिन. एकाच कामाला त्यातले तिघे उतरतात. तिघांचे आकडे एकच माणूस एकाच दुपारी भरतो. तो माणूस प्रामाणिक असेलही. माझ्या ओळखीचे काही आहेत, खरोखर तोंड मिटून काम करणारे. पण लखोट्याचं मोहोरबंद असणं त्या माणसाच्या स्वभावावर सोडून दिलं आहे, हे तुम्हाला मान्य करावं लागेल.

दुसरी वाट बँकेची. फार कमी दराने काम घेणाऱ्याकडून वाढीव सुरक्षा अनामत घेण्याची पद्धत आहे, आणि ती योग्य आहे; नाहीतर कुणीही तीस टक्के बिलो जाऊन काम अर्धवट टाकून पळेल. पण ही अनामत दर जितका खाली तितकी वाढत जाते. तिचा डीडी निविदेसोबतच जोडायला सांगितला, तर डीडीची रक्कमच दर सांगून टाकते. ज्याला अनामतीचं कोष्टक पाठ आहे तो रकमेवरून टक्का काढतो, कागदाचीही गरज नाही. छोट्या गावातली शाखा, काउंटरवर उभे असलेले चार ओळखीचे, स्लिपवरची रक्कम. पुढचं सांगायला नको.

तिसरी वाट स्थळपाहणीच्या दाखल्याची. कामाची जागा पाहिल्याचं उपअभियंत्याकडून लिहून आणा, अशी अट काही निविदांत असते. जागा पाहायला हवीच. डोंगरातल्या ओढ्याचा पाया नकाशावर कळत नाही. पण दाखला मागायला कार्यालयात गेलेल्या प्रत्येकाचं नाव मुदत संपण्याआधीच नोंदलं जातं. कोण कोण रिंगणात आहे हे कळलं, की कुणाला फोन करायचा तेही कळतं. अट घालणाऱ्याच्या मनात काही नसेलही, फोन मात्र त्या यादीवरूनच सुरू होतात.

ई-निविदा येण्याआधीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत ते म्हणतील, बाबा रे, हे काहीच नाही. खरं आहे. त्या काळी कोरा फॉर्मच विकत मिळायचा नाही. मिळाला तर पेटीपर्यंत पोचायचा नाही, कारण पेटीसमोर चार आडदांड माणसं उभी असायची. ते बंद झालं, याचं श्रेय शासनाला द्यायला हवं. पेटीसमोरच्या गुंडगिरीतून आपण बाहेर पडलो. पोर्टलवर भरलेली किंमत कूटबद्ध होते, ठरलेल्या अधिकाऱ्यांनी आपापल्या डिजिटल सहीने उघडल्याशिवाय ती वाचता येत नाही. कुलूप चांगलं आहे. माझी तक्रार कुलूप लावण्याआधीच्या त्या दुपारबद्दल आहे.

आता एक प्रसंग. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कामाचंही नाही, आणि विचारूही नका.

निविदा भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी एक तरुण कंत्राटदार माझ्याकडे आला. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून त्याने नोंदणी केली होती, लॉटरीतून मिळालेली छोटी कामं केली होती, आणि आता पहिल्यांदाच खुल्या निविदेत उतरत होता. त्याने फोन माझ्यापुढे धरला. व्हॉट्सॲपवर फोटो आला होता, अनोळखी नंबरवरून. संगणकाच्या पडद्याचा तिरका काढलेला फोटो, कोपऱ्यात चहाचा ग्लास. दरपत्रकाचा तक्ता उघडा होता. ‘एक्सेस’ की ‘लेस’ असा जो निवडीचा कप्पा असतो त्यात ‘लेस’ निवडलेलं, शेजारी टक्क्यांचा आकडा, आणि खाली एकूण रक्कम अक्षरांत. वर कंत्राटदाराचं नाव, आम्हा दोघांच्याही ओळखीचं. फोटोखाली एकही शब्द नव्हता. शब्द उद्या आला असता, काम मिळाल्यावर.

त्याने विचारलं, “आता काय करू?” मी म्हटलं, निविदेच्या कागदात बघू. शंभरावर पानांचा तो गठ्ठा आम्ही संगणकावर वरपासून खालपर्यंत चाळला. बयाणा रक्कम कधी जप्त होईल, काळ्या यादीत कधी टाकतील, काम उशिरा झालं तर दिवसाला दंड किती, सगळं होतं. संगनमत करू नये हेही होतं. पण दुसऱ्याचा दर तुमच्यापर्यंत पोचला तर कुणाला कळवा, कसं कळवा, याबद्दल एक ओळ नव्हती. संपर्कासाठी कार्यालयाचा जो दूरध्वनी दिला होता, तिथे ही गोष्ट सांगायची म्हणजे कदाचित ज्याने फोटो काढला त्यालाच सांगायची.

त्याने आदल्या दिवशी काढून ठेवलेला स्वतःचाच दर भरला. आर्थिक लखोटा उघडला तेव्हा काम ना त्याला मिळालं, ना फोटोतल्या कंत्राटदाराला. ते एका तिसऱ्यालाच गेलं, फोटोतल्या आकड्याच्या अगदी नखभर खालच्या दराने. तो फोटो किती जणांना गेला होता हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. तुमच्याकडे मात्र चौकशीचा अधिकार आहे. आणि तो वापरावा असं तुम्हाला कुणी कळवलंच नाही, कारण कळवायची वाटच तुम्ही ठेवलेली नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. तुमच्यातल्याच एका वयस्कर साहेबांनी ते मला हसत ऐकवलं होतं: “अहो, दर फुटला तर दुसरा त्याच्याही खाली जातो. सरकारचे पैसे वाचतात. तुम्हाला का दुखतंय?”

हिशेबनीस आहे, म्हणून हिशेबानेच सांगतो. तेच ४० लाखांचं काम. एकाने साडेनऊ टक्के बिलो भरलं. दुसऱ्याची यंत्रं जवळच आहेत, खडीही जवळ, त्याला १४ टक्के बिलो परवडलं असतं. पहिल्याचा आकडा माहीत नसता तर काम मिळावं म्हणून त्याने १४ भरले असते आणि शासनाला काम ३४ लाख ४० हजारांत पडलं असतं. आकडा माहीत असल्यावर तो १४ कशाला भरेल? ९.६ भरतो. काम ३६ लाख १६ हजारांना जातं. १ लाख ७६ हजार रुपये तिथेच गेले, आणि कागदावर सगळं निर्मळ, सर्वांत कमी दराचीच निविदा स्वीकारलेली. उलटंही घडतं. ज्याला ८ टक्क्यांच्या खाली परवडतच नाही तोही फुटलेल्या आकड्याच्या मागे ९.६ वर जातो, काम घेतो, आणि मग तो दीड-दोन टक्क्यांचा खड्डा सिमेंटच्या गोण्यांत आणि लोखंडाच्या जाडीत भरून काढतो. साकवाचा कठडा तिसऱ्या पावसाळ्यात का सुटतो, याचं उत्तर गुणनियंत्रणाच्या अहवालात शोधण्याआधी निविदा भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी शोधायला हवं.

आणखी एक नुकसान हळूहळू होतं. दोनदा नखभर अंतराने हरलेला कंत्राटदार तिसऱ्यांदा निविदाच भरत नाही. उरतात ते एकमेकांना ओळखणारे. पहिल्या मागणीला तीन निविदा तरी यायला हव्यात, म्हणून मग ‘सपोर्ट’ला निविदा भरल्या जातात. भरणाऱ्याला काम नकोच असतं, त्याचा आकडाही दुसऱ्याने सांगितलेला असतो. ग्रामपंचायतीच्या छोट्या कामांत हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. तीन दुकानांची तीन दरपत्रकं, तीन लेटरहेडं, आणि तिन्हींत ‘प्लंबिंग’ हा शब्द एकाच पद्धतीने चुकलेला. टाईप करणाऱ्याने निदान एकातली चूक तरी दुरुस्त करावी, एवढीही भीती उरलेली नाही.

हे फक्त साकव-स्वच्छतागृहांपुरतं आहे असं समजू नका. मुरबाड तालुक्यातल्या काळू धरणाचं नाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वनखात्याची मंजुरी हातात नसताना तिथे काम सुरू झालं, आणि श्रमिक मुक्ती संघटनेच्या याचिकेवरून २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवलं. पुढे काळूसारख्या कोकणातल्या सिंचन प्रकल्पांच्या निविदांची लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने चौकशी केली. २०१५ साली रायगडमधल्या बाळगंगा धरणाबद्दल गुन्हा नोंदवला गेला, आणि स्पर्धा दाखवण्यापुरत्याच काही निविदा भरल्या गेल्या हा त्या तपासातला एक आरोप होता. आरोप खरा-खोटा न्यायालय ठरवेल. ज्या निविदेत सगळ्यांना सगळ्यांचे आकडे माहीत असतात ती निविदा नसतेच, हे कळायला मात्र निकालाची वाट पाहावी लागत नाही.

पुण्याचं प्रकरण तर निकालापर्यंत गेलं. पुणे महानगरपालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत काही कंपन्यांनी आपसांत ठरवून दर भरले, हे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ साली ठरवलं आणि दंड केला. खुणा कोणत्या सापडल्या? एकाच आयपी पत्त्यावरून चढवलेल्या निविदा, आणि एकाच ठिकाणाहून निघालेल्या बयाण्याच्या रकमा. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. काही कंपन्यांनी स्वतःहून आयोगाकडे जाऊन सगळं सांगितलं, आणि स्पर्धा कायद्याच्या कलम ४६ नुसार त्यांना दंडात सवलत मिळाली. म्हणजे जो स्वतः कटात होता त्यालाही खरं सांगायला या देशात एक दार आहे. ज्याने काहीच केलं नाही, ज्याच्या फोनवर फक्त फोटो आला, त्याला तालुक्यात दार नाही.

पोर्टलबद्दल लिहितो म्हटलं होतं. २०१८ साली मध्य प्रदेशात जल निगमच्या ग्रामीण पाणीयोजनांच्या निविदांत एक मोठी कंपनी अगदी थोडक्या फरकाने मागे पडली आणि तिने तक्रार केली. तपासणीत राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर भरलेल्या किमतींशी छेडछाड झाल्याच्या खुणा निघाल्या. त्या निविदा रद्द झाल्या, २०१९ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. ही पाण्याचीच कामं होती हे मी मुद्दाम सांगतोय. भातसा आणि तानसा आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर. त्या टँकरच्या फेरीचाही दर निविदेनेच ठरतो. नळयोजनेच्या टाकीचाही. इथे दर फुटतो तेव्हा तहानलेल्या माणसाच्या नावाने निघालेला पैसा कमी पडतो. पण ते प्रकरण बाहेर आलं ते एका बलाढ्य कंपनीने तक्रार केली म्हणून. तिच्याकडे वकील होते, राजधानीत ओळखी होत्या. आमच्या अभियंत्याकडे एक फोन आणि मी होतो.

जगात सगळीकडे लोक लोभीच असतात, यात नवं काही नाही. अमेरिकेत १९९८ च्या रॉकेट प्रक्षेपणाच्या कंत्राटात लॉकहीड मार्टिनची हजारो पानांची कागदपत्रं बोइंगकडे सापडली. हवाई दलाने २००३ साली बोइंगकडून सात प्रक्षेपणं काढून घेतली, सुमारे एक अब्ज डॉलरचं काम, आणि तिच्या काही विभागांना नव्या कंत्राटांपासून दूर ठेवलं. पुढे २००६ साली या आणि आणखी एका प्रकरणात मिळून बोइंगने ६१ कोटी ५० लाख डॉलर भरून तडजोड केली. तिथे संरक्षण खात्याच्या एका मोठ्या घोटाळ्यानंतर १९८८ मध्येच कायदा करून, प्रतिस्पर्ध्याची किंमत निविदा ठरण्याआधी मिळवणं आणि देणं, दोन्ही गुन्हा ठरवलं होतं. देणाराही आणि घेणाराही. आपल्याकडेही कायदे नाहीत असं नाही. संगनमताने निविदा भरणं स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये बसतं, दंड उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत किंवा नफ्याच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. २०२३ च्या दुरुस्तीने तर जो स्वतः त्या धंद्यात नाही पण मध्ये राहून संगनमत जुळवून देतो, तोही त्यात धरला जाऊ शकतो. खणात डोंगल ठेवणाऱ्यांनी हे एकदा वाचून घ्यावं. अधिकाऱ्याने पैसे घेऊन आकडा दिला तर लाचलुचपतीचा कायदा आहेच, तक्रारीसाठी १०६४ हा नंबरही आहे. कमी आहे ती तालुक्याच्या पातळीवरची साधी कार्यपद्धती. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली केला, पण तो अमलात आणला गेला नाही. तेव्हा त्याच्या भरवशावर कुणाला पुढे या म्हणण्याची माझी हिंमत नाही.

म्हणून मागणं छोटं आहे. प्रत्येक निविदा सूचनेत एक परिच्छेद घाला. प्रतिस्पर्ध्याची किंमत कुणाला कळली, मागून असो वा न मागता, तर ती त्याने अमुक पदावरच्या अधिकाऱ्याला लेखी कळवावी. हा अधिकारी त्या निविदेच्या कार्यालयातला नको. जिल्ह्याच्या पातळीवरचा, दक्षता किंवा लेखा शाखेतला असावा. कळवणाऱ्याला त्याच दिवशी पोच मिळावी. त्याने तो कागद वा फोटो कुणालाही पुढे पाठवू नये, डिलीटही करू नये. फोन दाखवावा, नंबर आणि वेळ नोंदवून घ्यावी. आणि कळवलं म्हणून त्याची निविदा बाद होणार नाही, हे त्याच परिच्छेदात स्पष्ट छापावं. हे शेवटचं वाक्य नसेल तर बाकीच्याचा काही उपयोग नाही.

कळवल्यावर तुम्ही काय करायचं, तेही लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी वरून सूचना मागवायला नकोत. मुदत संपायच्या आधी कळलं तर मुदत वाढवा, आणि ज्याचा दर फुटला त्याच्यासकट सगळ्यांना नवा आकडा भरू द्या. कुणाचा दर फुटला, किती फुटला, हे जाहीर करायचं नाही. एवढंच की गोपनीयता राहिलेली नाही. मुदत संपल्यावर कळलं तर आर्थिक लखोटा चौकशी होईपर्यंत उघडू नका, आणि पहिला, तांत्रिक लखोटा दुसऱ्या कुणा अधिकाऱ्याकडून पुन्हा तपासून घ्या. हे का, तर दर फुटल्याचा उपयोग केवळ त्याच्या खाली जाण्यासाठी होत नाही. ज्याचा आकडा सर्वांत कमी आहे हे आधीच कळलं, त्याचा एखादा दाखला तांत्रिक छाननीत अचानक अपुरा ठरतो. ही युक्ती तुमच्या टेबलावरच खेळली जाते, त्यामुळे जास्त सांगत नाही.

आयपी पत्ते जरूर तपासा, पण डोळखांबचा विचार करून तपासा. पुण्यात दोन कंपन्यांचा आयपी एक निघाला तर शंका रास्त आहे. इथे पाच गावांना मिळून एक ऑपरेटर आहे. आयपी एक आला म्हणून प्रामाणिक माणसाला काळ्या यादीत टाकाल तर ज्यांना खरंच संगनमत करायचं आहे ते उद्या पाच वेगवेगळी सिमकार्डं घेतील आणि मोकळे सुटतील. त्याऐवजी शहापूरला आणि मुरबाडला पंचायत समितीच्या आवारात दोन संगणकांची एक खोली द्या. इंटरनेट चांगलं, मध्ये पडदा, भरणाऱ्याला बटणं दाखवून देणारा पण आकडा न पाहणारा एक माणूस. कंत्राटदाराने आपलं डोंगल आपल्या खिशातून आणायचं आणि खिशात घालून न्यायचं. एका साकवाच्या अंदाजपत्रकात अशी खोली कितीतरी वर्षं चालेल. वाढीव अनामत मागायची ती लखोटा उघडल्यावर, आणि ज्याचा दर सर्वांत कमी निघाला त्याच्याकडूनच. स्थळपाहणीचा दाखला नको. जागा पाहिली आहे असं कंत्राटदाराचं स्वतःचं लेखी निवेदन पुरतं. उद्या पायात खडक लागला म्हणून जास्तीचे पैसे मागायला आला, तर तेच निवेदन त्याच्यापुढे ठेवा.

आणि उघडल्यानंतर सगळं उघड करा. दर हे गुपित लखोटा उघडण्याच्या घटकेपर्यंतचं. त्यानंतर ते गावाच्या मालकीचं आहे. तुलनात्मक तक्ता पोर्टलवर असतो, पण पाड्यावरचा माणूस पोर्टल उघडत नाही. तो तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा: कोणी किती भरले, पहिल्या-दुसऱ्यात अंतर किती. एका वर्षाचे तक्ते शेजारी शेजारी लावले की ज्याला आकडे वाचता येतात त्याला दिसेल, कोण नेहमी नखभराने जिंकतो आणि कोण नेहमी नखभराने हरतो. लेखापरीक्षक वर्षांनंतर येतात. फलकासमोरून लोक रोज जातात.

कंत्राटदार मित्रांनो, तुम्हालाही दोन शब्द. ‘सगळेच करतात’ हे मला सांगू नका, मी तुमचे हिशेब लिहितो. आज ज्याने तुम्हाला दुसऱ्याचा आकडा पाठवला, तो उद्या तुमचा आकडा तिसऱ्याला पाठवणार आहे. आणि त्याची फी तुमच्या खर्चात ‘इतर’ या नावाखाली मीच लिहितो, हे तुम्हीही जाणता आणि मीही. तेव्हा निदान डोंगल घरी न्या. पिन बदला. ऑपरेटरला पैसे द्या, पण टक्क्याचा कप्पा स्वतःच्या बोटाने भरा. फोटो आला तर त्याला ‘धन्यवाद’ म्हणून उत्तर देऊ नका, तो पुढे ढकलूही नका; तुमच्या फोनमधली ती एक ओळ पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहू शकते. आधी काढलेल्या दराचा कच्चा हिशेब तारीख-वेळ घालून स्वतःला मेल करून ठेवा. उद्या तुमच्यावर आळ आला तर तोच तुमचा साक्षीदार.

कामं ‘आणणाऱ्या’ लोकप्रतिनिधींना या पत्रात मी मुद्दाम हाक मारलेली नाही. त्यांच्या भूमिकेवर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल, आणि ते याहून लांब होईल.

महोदय, पावसाळा संपला की रस्ते, साकव आणि शाळाखोल्यांच्या निविदांचा हंगाम सुरू होईल. मसुदे तुमच्या संगणकात जुनेच असतील, फक्त कामाचं नाव आणि रक्कम बदलायची. त्याच मसुद्यात तो एक परिच्छेद घालायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागते का, की तुमच्या अधिकारात ते बसतं? बसत असेल तर कोणत्या पदावरचा अधिकारी आणि कोणता पत्ता तिथे छापणार? बसत नसेल तर कुणाकडे मागणी करायची? तिन्ही प्रश्नांची उत्तरं लेखी द्यावीत, ही विनंती. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराला मी त्या उत्तरांची झेरॉक्स देणार आहे, आणि एक प्रत त्या ऑपरेटरच्या टेबलावरही ठेवणार आहे.

आपला,
डोळखांब येथील एक हिशेबनीस